गिझेला आणि रोझीमावशीचा आवाज

गिझेला तोरमाश चोविसाव्या वर्षी रंगमंचावर पहिल्यांदा म्हातारी झाली, आणि पुढं किती तरी वर्षं हंगेरीतल्या सेगेद शहराच्या नाटकमंडळीनं तिला तरुण होऊच दिलं नाही.

देझो काल्नोकी हे तिथले दिग्दर्शक. पहिल्याच तालमीला ते म्हणाले, "तुझ्या चेहऱ्याबद्दल माझी तक्रार नाही गं. पण गिझी, तुझ्या गळ्यात साठ वर्षांची बाई बसलीय. तिला बाहेर काढू."

त्या दिवशी ती खोलीवर जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत जाऊन उभी राहिली. लाल मिरच्या निवडणाऱ्या म्हाताऱ्या वाकायच्या आधी नजरेनं आधार शोधतात, आणि पिशवी खाली ठेवताना श्वास रोखतात, हे तिनं हेरलं. महिनाभरात तिची आजीबाई इतकी खरी झाली, की नाट्यगृहाचा दरवान तिला हात देऊन पायऱ्या उतरवू लागला.

एकदा मंडळी खेड्यात खेळ करायला गेली होती. खेळ संपल्यावर एक विधुर काखेत कोंबडी घेऊन पडद्यामागं आला.

"त्या आजीबाई कुठायत?"

"मीच ती," तोंडावरचा रंग पुसत गिझेला म्हणाली.

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. "थट्टा करता होय गरिबाची? मी आपला लग्नाचं विचारायला आलो होतो."

"मग विचारा की!"

"आता काय विचारू? तू तर माझ्या नातीएवढी!" तो खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडी मात्र त्यानं परत नेली नाही. मंडळींनी दुसऱ्या दिवशी तिचं सूप केलं.

लोक असे जीव लावत होते. फक्त एक माणूस कधी आलं नाही, ते म्हणजे तिची आई, एतेल. ती डॅन्यूब नदीच्या काठी, 'बाया' नावाच्या गावात राहायची. बसनं दोन तासांचा रस्ता. प्रत्येक नव्या नाटकाचा पास गिझेला पाठवायची आणि आईचं ठरलेलं उत्तर यायचं: "बदकांना कोण बघणार?" पुढं पुढं गिझेलानं पास पाठवणंच सोडलं. ते दुखणं तिनं कुणाला दाखवलं नाही.

चौतिसाव्या वर्षी ती बुडापेस्टला गेली. चित्रपटांत तिला ट्रामची कंडक्टर, नर्स, शेजारीण अशी दोन-चार वाक्यांची कामं मिळाली. खरं नशीब उघडलं ते परदेशी चित्रपटांना हंगेरियन आवाज देण्याच्या स्टुडिओत. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा, आणि त्यातल्या बाईचे ओठ हलले की गिझेलानं बोलायचं. गळ्यातल्या त्या साठ वर्षांच्या बाईला तिनं तिथं गप्प बसवलं. एका इटालियन मालिकेतल्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा आवाज ती सलग नऊ वर्षं झाली. पावाच्या दुकानात रांगेत तिनं "दोन द्या" म्हटलं, की पुढच्या बायका गर्रकन वळायच्या.

"अगं बाई! तीच ही! बोला ना अजून काही!"

स्टुडिओतला ध्वनिमुद्रक ओट्टो तिचा नवरा झाला. तो म्हणायचा, "घरात पाच-सहा बायका आहेत माझ्या. स्वयंपाक मात्र एकीलाही येत नाही."

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या शरदात बायाहून आईच्या शेजारणीचा फोन आला. एतेल चूल पेटती ठेवून बाहेर जाते, माणसं ओळखत नाही. गिझेला रजा टाकून गेली. आईनं दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण तुम्ही? मला काही नको आज."

तीन दिवस आईनं तिच्या हातचा घासही घेतला नाही. सारखी विचारायची, "रोझी कुठाय? रोझी का येत नाही?" रोझी म्हणजे एतेलची धाकटी बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

चौथ्या दिवशी गिझेलानं डोक्याला रुमाल बांधला, मागच्या दारानं आत आली, आणि मावशी बोलायची तशी नाकात बोलली, "एतेल, मासळीचा रस्सा आणलाय. शेवया घालून खा, कळलं ना?"

आईचा चेहरा उजळला. "इतके दिवस कुठं मेली होतीस गं?"

त्या दिवसापासून गिझेला आईची रोझी झाली. आई जेवू लागली, केस विंचरू देऊ लागली. असं भलं मोठं काम तिला कुठल्याच नाटकात मिळालं नव्हतं. ना मध्यंतर, ना पडदा.

एका दुपारी दोघी अंगणात अक्रोड फोडत बसल्या होत्या. आई एकदम म्हणाली, "रोझी, तुला म्हणून सांगते. मी तीनदा सेगेदला गेले होते."

गिझेलाचा हात थांबला. "कशाला गं?"

"माझी गिझी बघायला. वर, अगदी मागं बसले. पोर माझी सव्वीस वर्षांची, आणि तिथं म्हातारी होऊन खाटेवर मरत होती. तीनदा मेली माझ्यासमोर. आईनं बघायचं असतं का ते?"

"मग भेटली का नाहीस तिला?" आवाज रोझीचाच राहिला. तो कसा राहिला ते गिझेलाला कधीच कळलं नाही.

"काय सांगणार होते? मला बघवत नाही म्हणून? तिला वाटलं असतं, काम वाईट झालं." एतेलनं अक्रोडाचा गर तिच्या हातावर ठेवला. "तिसऱ्या वेळी शाल बदलली होती तिची. तपकिरीच बरी होती."

तपकिरी शाल इस्त्रीनं जळाली होती. नाटकमंडळीबाहेर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आपली गिझी... गुणाची आहे हो पोर," रोझीच्या आवाजात गिझेला कशीबशी म्हणाली, "कळलं ना?"

"ते काय तू सांगायला हवं?" आई म्हणाली आणि पुढचा अक्रोड उचलला.

एतेल फेब्रुवारीत गेली. शेवटपर्यंत तिनं लेकीला ओळखलं नाही. रोझीचा हात मात्र सोडला नाही.

पंधरा दिवसांनी गिझेला स्टुडिओत परतली. मुलांच्या कार्टूनमधल्या एका खारीला आवाज द्यायचा होता. पहिला प्रयत्न घोगरा झाला, दुसऱ्यात ती अडखळली. काचेपलीकडून ओट्टो म्हणाला, "उद्या करू या का गं?"

"नको. फिरव परत," ती म्हणाली, आणि घोटभर पाणी प्याली. तिसऱ्यांदा जमलं. ते कार्टून रविवारी सकाळी दाखवलं, तेव्हा शेजारच्या घरातलं मुलांचं हसू भिंतीतून ऐकू येत होतं.