दोन फोटोंचा फ्लेक्स

हैदरचं दुकान मी बुडवलं. एकट्यानं नाही, सगळ्या पंचक्रोशीनं हातभार लावला, पण सुरुवात माझी. मी माजलगावात फ्लेक्स छापतो. त्याआधी बावीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या, म्हणून मोंढ्याच्या बाजारात मला अजूनही पंडित पेंटरच म्हणतात. वाढदिवस, निवड, दशक्रिया, काहीही असो, या भागातल्या प्रत्येक खांबावर माझ्या हातचं काहीतरी लटकत असतं. कुणाचा फोटो केवढा आणि कुणाच्या शेजारी कोण, हे आपल्याला झोपेतसुद्धा कळतं, असा माझा समज होता.

हैदर मोटारी भरायचा. मोटारी म्हणजे विहिरीतल्या आणि बोअरमधल्या, पाणी उपसायच्या. आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर ऊस, उसाला मोटार, आणि वीज अशी की कधी कमी दाबाची तर कधी एकदम अंगावर येणारी. मोटार जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, असा हा धंदा. हैदर तो मुंजाजीशेठच्या दुकानात शिकला आणि तिथेच अठरा वर्षं राबला. मोटारीच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचा आणि आत काय बिनसलंय ते सांगायचा. खोलून पाहिलं की तेच निघायचं.

तो खरं सांगायचा, एवढाच त्याचा दोष. शेतकरी मोटार घेऊन यायचा तो जळलीच म्हणून. हैदर खोलायचा आणि म्हणायचा, न्हाई जळली, नुसता केबलचा जॉइंट गेलाय, त्यात पाणी शिरलंय. पाच मिनिटांत जॉइंट बांधून शेतकऱ्याला वाटेला लावायचा. मुंजाजीशेठ गल्ल्यामागून नुसते बघत राहायचे. मग एक दिवस त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आलेली मोटार भरायचीच, गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं जळली म्हणतंय तर तुझं काय जातंय. हैदरनं तेव्हापासून गप्प राहायला सुरुवात केली. वर्षभर चांगल्या मोटारींमधली चांगली तार त्यानं उपसली आणि नवी भरली. मग एकदा माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "पेंटर, आता सोताचं दुकान टाकतो. लहान आसंल तरी चालंल. पण मोटार चांगली हाय तर चांगली हाय म्हनायला मला कुनाला इचारावं लागू नये."

एवढ्यासाठी माणसं दुकान टाकतात का? मी हसलो. पण मनातून मला तो आवडला, हेही सांगून टाकतो.

कालव्याच्या रस्त्याला त्यानं एक गाळा घेतला. वेढे भरायचं यंत्र त्यानं जुन्या सायकलीच्या दातेरी चाकापासून स्वतः बनवलं. त्याची बायको नाजिया मोटारीच्या खाचांत घालायचा कागद घरी कापून द्यायची, इतका नेमका की आत घालताना हैदरला कात्री लागायची नाही. सगळं जमलं, फक्त तीन फेजचं वीज कनेक्शन जमेना. भरलेली मोटार चालवून दाखवता येत नाही तर दुकान कसलं? कागद पुरे होते, तरी आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत, असं दोन महिने चाललं.

तेव्हा मी तोंड घातलं. म्हटलं, अर्जुनरावांकडे जा.

आमच्या पट्ट्यात दोन पुढारी. एक अर्जुनराव, त्यांना भाऊ म्हणतात. दुसरे बंकटराव, त्यांना बापू. कालव्याकाठच्या सात गावांत कुणाच्याही घरी जा, दारावरच्या कॅलेंडरवरून कळतं घर भाऊंचं की बापूंचं. हैदर दोघांचाही नव्हता. मोटारीला गट नसतो, असं तो म्हणायचा. मी त्याला वेड्यात काढलं आणि अर्जुनरावांच्या बंगल्यावर घेऊन गेलो. भाऊंनी चहा पाजला, एक फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी मीटर बसलं. मी मिशीवर ताव मारत फिरलो.

मग अर्थातच उद्घाटनाला भाऊ येणार होते. तसं कुणी मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती. हैदरच्या मनात फीत आईच्या हातून कापायची होती. अजमतबीनं नवऱ्यामागे मोंढ्याच्या तोंडाशी फळांचा गाडा लावून पोरं वाढवली, म्हणून त्याला तसं वाटायचं. मी म्हटलं, अरे, तुला लाईट कुणी दिली? शेवटी अजमतबीनं कात्रीचं ताट धरलं आणि फीत भाऊंनी कापली. दहा बाय आठचा फ्लेक्स मी केला होता. त्यात अर्जुनराव हात जोडून माणसापेक्षा मोठे, त्यांच्या खाली त्यांच्या नऊ कार्यकर्त्यांची रांग, आणि कोपऱ्यात पासपोर्ट साईजमध्ये हैदर. दुकानाचं नाव वाचायला जवळ जावं लागायचं. फ्लेक्स लई भारी झालाय असं चारचौघं म्हणाले आणि मला ते खरं वाटलं.

पहिले चार महिने दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. जॉइंट गेलेल्यांना तो पाच मिनिटांत मोकळं करायचा, आणि तीच माणसं गावात जाऊन सांगायची की हैदरभाई फुकटचं काम काढत नाही. असं नाव विकत मिळत नाही. मी दुपारचा त्याच्याकडे जाऊन बसायचो. बघून बघून मलासुद्धा जॉइंट कधी गेला आणि मोटार खरंच कधी जळली ते ओळखता यायला लागलं होतं. नाजिया दुपारच्या वेळी गाळ्याच्या मागच्या भागात येऊन कागद कापत बसायची. हैदरला मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता एवढा बोलका त्या चार महिन्यांत पाहिला.

मग सोसायटीची निवडणूक लागली. भाऊंचं पॅनल आणि बापूंचं पॅनल. कुणी हैदरला काही म्हणालं नाही, धमकी नाही, दगड नाही. फक्त बापूंच्या गावांचे ट्रॅक्टर त्याच्या दुकानासमोरून मोटारी लादून पुढे जायला लागले, थेट मुंजाजीशेठकडे. लोक म्हणतील हिंदू-मुसलमान असेल. तेही आमच्याकडे असतं, नाही असं मी म्हणणार नाही, पण इथं कुणी त्याचा धर्म विचारला नाही. गट विचारला, आणि तोही विचारला नाही. माझ्या फ्लेक्सवरून वाचला.

एकदा हैदरनं ज्ञानोबाला रस्त्यात थांबवलं. ज्ञानोबा त्याचं जुनं गिऱ्हाईक, दहा वर्षांत त्याची मोटार दुसऱ्या कुणी खोलली नव्हती. मी तिथेच होतो. ज्ञानोबानं ट्रॅक्टर बंद केला नाही, इंजिनाच्या आवाजातच बोलला.

"तुमच्या हाताला तोड न्हाई हैदरभाई. पर मला गावात ऱ्हायचंय. तुमच्या दारात माझा ट्रॅक्टर दिसला तर बापूंची मान्सं काय म्हनतील?"

"मी काय भाऊंचा मानूस हाय का?"

"ते तुमी मला कावून इचारता? बोर्डावर बगा की."

हैदर माझ्याकडे वळलासुद्धा नाही. वळून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवडणूक बापूंनी जिंकली, सातातली पाच गावं घेऊन. हैदर म्हणाला, फ्लेक्स काढतो आणि नुसत्या नावाची पाटी लावतो, तुमी ब्रशनं रंगवून द्या. तेव्हा त्याचं ऐकलं असतं तर? पण मला माझं शहाणपण नडलं. मी म्हटलं, भाऊंचा फोटो उतरवलास तर तो उघड अपमान होतो, ज्यांनी लाईट दिली त्यांना हरल्यावर खाली काढलं असं दिसेल. काढू नको, बापूंचा जोडू. दोघंही तुझे, तू दोघांचा. दुकानाला वर्ष होत होतं, ते निमित्त चांगलं होतं.

तो फ्लेक्स करताना मी जेवढी मेहनत घेतली तेवढी पोरीच्या लग्नपत्रिकेला घेतली नाही. दोन्ही फोटो इंच-इंच मोजून सारखे केले. दोघांचे खांदे एका रेषेत आणले. बापूंच्या डोक्यावर फेटा होता, म्हणून ते उंच दिसायला लागले. तर भाऊंचा चेहरा जरा वाढवला. तर भाऊ जाड दिसायला लागले. डावीकडे कुणाला घ्यायचं यात एक दिवस गेला. आमच्याकडे डावीकडचा पहिला धरतात. वयानं मोठे म्हणून मी भाऊंना डावीकडे घेतलं आणि बापूंच्या नावाची अक्षरं अर्धा इंच मोठी केली. कुणाची परवानगी विचारायची असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढाऱ्याला फोटो आवडत नाही असं इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं.

फ्लेक्स सकाळी लागला. अकराच्या सुमाराला अर्जुनरावांचा कार्यकर्ता लखन आला. चांगला शांत बोलला. म्हणाला, भाऊंची इच्छा आहे की त्यांचा फोटो त्या माणसाशेजारी नको, तेवढा काढा. हैदरनं मान डोलावली. दुपारी जेवायच्या वेळेला बापूंचा माणूस आला. तोही शांतच बोलला. बापूंना दुसऱ्या नंबरावर बसायची सवय नाही, म्हणाला, आणि ज्यानं भाऊंच्या हातून फीत कापून घेतली त्यानं बापूंचं नाव वापरू नये. तेवढा फोटो काढा. संध्याकाळपर्यंत मी स्वतः शिडीवर चढून ब्लेडनं दोन्ही फोटो कापून काढले. फ्लेक्सला दोन चौकोनी भोकं पडली आणि त्यांतून मागची भिंत दिसायला लागली. खाली उतरलो तेव्हा अजमतबी दारात उभी होती. ती मला म्हणाली, "पंडित, आता तर नुसतं नाव राहिलं ना? पहिल्यापासून तेच मागत होता तो."

पण पहिल्यापासूनचं नुसतं नाव वेगळं आणि हे वेगळं. आता सातही गावांना कळलं होतं की हैदर कुणाचाच नाही, आणि जो कुणाचाच नाही त्याच्याकडे मोटार टाकून कुणाशी वाकडं घ्यायचं? भाऊंची दोन गावंही गेली. ऐन उन्हाळ्यात, मोटारी पटापट जळतात त्या दिवसांत, हैदर दाराशी खुर्ची टाकून बसायचा. येऊन येऊन कोण यायचं, तर पंखेवाले आणि मिक्सरवाले. तो गावोगाव जाऊन आला, ओळखीच्यांच्या ओसरीवर बसला. सगळ्यांनी पाणी दिलं, चहा दिला, तुमच्यासारखा कारागीर न्हाई म्हणाले. मोटार कुणी दिली नाही. मला त्या कौतुकाची किळस यायला लागली होती.

पावसाळ्याआधी त्यानं गाळा सोडला. सायकलीच्या चाकाचं यंत्र मुंजाजीशेठनी मागितलं, ते त्यानं दिलं, आणि यंत्राबरोबर स्वतःही गेला. शेठ काही टोचून बोलले नाहीत. उलट, त्या दिवशी त्यांनी त्याला जेवायला घरी नेलं.

मी तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही, तोंड नव्हतं. मग गेलो. दुकानात बाकावर ज्ञानोबा आणि अर्जुनरावांचा लखन शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. दोघांच्याही मोटारी समोर पडल्या होत्या. निवडणूक होऊन गेली होती, दोघांच्या गप्पा ऊसतोडीच्या टोळ्यांवर आणि लेकीबाळींवर चालल्या होत्या. दोघांनीही शेठना बजावलं होतं की काम हैदरच्याच हातून व्हायला पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नको.

हैदरला बघून ज्ञानोबा मायेनं म्हणाला, "दुकान कावून बंद केलं हैदरभाई? लई चांगलं चाललं होतं."

लखननंही मान डोलावली. हैदरनं ज्ञानोबाची मोटार जवळ ओढली आणि केबलची पट्टी सोडली. जॉइंटातल्या तांब्यावर हिरवा थर चढला होता, आत पाणी शिरलं होतं. मला ते तीन हातांवरून दिसलं. टेस्टिंगचा दिवा तारांना जोडून त्यानं आतले वेढे तपासले, दिवा जसा लागायचा तसा लागला. मोटार ठणठणीत होती. पाच मिनिटांचं काम.

हैदरनं एकदा गल्ल्याकडे पाहिलं. मुंजाजीशेठ पेपर वाचत होते.

"जळली," हैदर म्हणाला. "भरावी लागंल. चार दिसांनी या."

ज्ञानोबानं कपाळावर हात मारला, विजेला शिव्या दिल्या, आणि हैदरनं सांगितलंय म्हणजे खरंच असणार असं लखनला म्हणत उठला. त्याला हाक मारून खरं सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट मला बरं वाटलं, चांगलं मनापासून बरं वाटलं. हैदरला तसं काही वाटलं नसावं. त्यानं मोटार उचलून जळालेल्यांच्या ढिगात ठेवली, हात पुसले आणि लखनची खोलायला घेतली.