स्ट्रोबशिवायची वीज

अजूनही त्या दुपारचा विषय निघाला की माझं डोकं तापतं.

आमच्या मंडळाचं नाटक होतं, लंडनमध्ये वेम्बलीजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. नोकरी माझी स्लाऊला, सॉफ्टवेअरमध्ये; पण पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांना लाइट्स केलेले, त्यामुळे ते काम आपोआप माझ्या गळ्यात आलं. दिग्दर्शक साठी ओलांडलेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. दुसऱ्या अंकात वादळ होतं, हरवलेल्या मुलाला हाका मारत आई स्टेजभर धावते. सरांना तिथे विजा हव्या होत्या आणि त्यासाठी स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा झगझगीत दिवा, भाड्याने आणायचा होता.

आईचं काम करणारी प्रायमरी स्कूलमध्ये शिक्षिका होती. एका तालमीनंतर तिने मला कार पार्कमध्ये गाठलं.

"मला एपिलेप्सी आहे गं. गोळ्या चालू आहेत, पण स्ट्रोब मला चालत नाही, त्याने फिट येऊ शकते. सरांना सांग हवं तर. बाकी कुणाला नको, प्लीज."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एका मिनिटाचा तर प्रश्न आहे. तिने डोळे मिटून घ्यावेत."

"अहो सर, ती धावत असते तेव्हा!"

"बरं, बघू."

त्या 'बघू'वर मी विश्वास ठेवला, हा माझा मूर्खपणा. हॉलमधल्या जुन्या टंगस्टन दिव्यांतूनच वीज काढायची असं मी ठरवलं. हे दिवे आळशी असतात. बटण दाबलं की तार तापायला वेळ घेते आणि वीज चमकण्याऐवजी बाथरूमचा दिवा लागल्यासारखं दिसतं. म्हणून मी ते आधीपासून अगदी मंद ठेवले, प्रेक्षकांना कळणार नाही इतके; तार कोमट राहिली की झोत चटकन येतो. दोन दिवे मागच्या पांढऱ्या पडद्याआड, एक विंगेत, तिन्ही दिव्यांवर फिकट निळा जिलेटिनचा कागद. मग बोटांचा खेळ: एक छोटा झोत, थांबायचं, एक लांब, आणि मनात दोन मोजून गडगडाटाचा आवाज. शिक्षिकेने तिच्या एपिलेप्सी नर्सला विचारलं. असे दोन-तीनच सुटे झोत, तेही पाठीमागून, चालतील असं नर्स म्हणाली.

शनिवारी दुपारी रंगीत तालमीला आले, तर स्टेजवरच्या दिव्यांच्या बारला स्ट्रोब लटकत होता. मला न विचारता.

मी शिडी लावली, प्लग काढला, तो खाली उतरवला आणि सरांच्या पायाशी ठेवला.

"हे काय चाललंय?" सर ओरडले. "एका बाईसाठी मी माझं नाटक बिघडवू?"

"तिला फिट आली तर तुम्ही जबाबदारी घेणार का?"

बोलून गेले. सगळा संच तिथेच उभा होता. ती नऊवारी नेसून विंगेत होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला सरांपेक्षा माझाच जास्त राग आला.

ती स्टेजच्या मध्यभागी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी वीज दाखव."

मी दाखवली. पडदा पांढराफटक झाला, तिची काळी आकृती क्षणभर दिसली आणि विझली. कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. स्ट्रोब पुन्हा वर चढला नाही.

प्रयोग छान झाला. नंतर चहाच्या टेबलाशी सर पाहुण्यांना सांगत होते, "साध्या दिव्यांतच खरी वीज दिसते, मी पहिल्यापासून म्हणत होतो." मी कप तसाच ठेवला आणि केबल गुंडाळायला गेले.

शिक्षिकेचा रात्री मेसेज आला: 'वाचवलंस. पण आता सगळे मला विचारतायत, बरी आहेस ना. ते नको होतं मला.'

मी सॉरी लिहिलं. सरांचं सॉरी तिला अजून आलेलं नाही. यंदाच्या नाटकासाठी त्यांचा मला फोन आला होता. मी नाही म्हणाले, आणि का ते सविस्तर सांगितलं.