गालाची पारख

दगड हाती लागला की काका आधी तो चाटायचे. लहान मूल चाटते तसे नाही. जिभेचे टोक लावून थेंबाएवढी जागा ओली करायचे. तेवढ्याच जागी आतला रंग उमटायचा. तांबडा, मधासारखा, कधी धुरकट निळा. बघणारा कौतुक करायला तोंड उघडतो न उघडतो तोच काका म्हणायचे, "वाळू दे. ओला असला की सगळाच दगड देखणा."

बडोद्यात पाणीगेटजवळ त्यांचे दोन खोल्यांचे घर होते, मागे पत्र्याची पडवी. मी तिथे पोळ्या करायला जायची. काका बाजव्याकडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्या वर्षांत कारखाने माणसांना एकरकमी पैसे देऊन लवकर घरी पाठवत होते, तसे तेही आले. असे घरी बसलेले पुरुष तुम्हीही पाहिले असतील. कोणी शेअर बाजाराचे पान वाचत बसतो, कोणी बायकोच्या फोडणीत नाक घालतो. काकांनी दगड धरले.

मुलगा परदेशात होता. त्याने आईसाठी कपडे धुवायचे मशीन घेऊन दिले. काकूंचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले. त्यांना त्या बटणांचे काय कळणार? काकांनी आठ दिवसांत मशीन उघडले, मोटर बाहेर काढली आणि तिच्यावर दगड घासायचे चाक चढवले. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारले की मशीन नीट चालते का. काकू म्हणाल्या, "चालतंय की. कपडे तेवढे धूत नाही."

काका बसने खंभातला जायचे आणि अकीकाचे ओबडधोबड तुकडे पिशवीत घालून आणायचे. तुकडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा, चाकावर पाण्याची धार सोडायची आणि घासत बसायचे. आधी खरखरीत चाक, मग बारीक, शेवटी चामड्याचे. पडवीभर राखाडी चिखल व्हायचा. एकदा तो माझ्या कणकेत आला आणि पोळी दाताखाली कचकचली. मी परात त्यांच्यापुढे आपटली आणि सांगितले की पोळीला पॉलिश मी करणार नाही. दुसऱ्या दिवसापासून पडवीच्या दाराला ओले गोणपाट लटकू लागले.

झालेला दगड ते चांदीच्या तारेत बसवायचे. अंगठ्या, कानातली, गळ्यातली पदके. विकले कधी काही नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कानांत काकांचे दगड होते.

पण तारेत जाण्याआधी प्रत्येक दगड काकूंच्या गालावरून जायचा. काका तो पुसून, फुंकून कोरडा करायचे आणि हलक्या हाताने काकूंच्या गालावर फिरवायचे. काकू मान कलती करायच्या, लांबचे काही ऐकत असल्यासारख्या. केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांना लागायचा. "आहे अजून. इथं," म्हणायच्या आणि दगडावर नेमके बोट ठेवायच्या. काका उठायचे. चाक पुन्हा सुरू व्हायचे. काकू मला म्हणायच्या, "डोळेवाल्यांना चमक दिसते गं. बाकी काही दिसत नाही."

काकूंना दवाखान्यात ठेवले तेव्हा चाकावर एक गडद तांबडा दगड होता, सुपारीएवढा. तो काकूंच्याच गळ्यात जायचा होता. मी डबा घेऊन गेले, तेव्हा काका तो दगड त्यांच्या गालावरून फिरवत होते. काकूंचा आवाज पार बसला होता. तरी म्हणाल्या, "आहे अजून. इथं."

काका उठले. तासाभरात येतो म्हणाले. मला बसायला सांगून गेले.

त्या तासात काकूंनी मला दोनदा विचारले, "आले?" मी दोन्ही वेळा येतीलच म्हटले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

काका आले ते कोपरापर्यंत राखाडी चिखलाचे हात घेऊन. दगड मुठीत. मी तोंडाची फटकळ. नर्स उभी असतानाच बोलले, "बायको इथं गेली आणि तुम्ही दगड घासत बसलात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. दगड सदऱ्याला पुसला, फुंकला, काकूंच्या गालाला लावला आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. नर्सने हात धरून बाजूला करेपर्यंत तसेच उभे होते.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी चाक सुरू झाले. तोच दगड. मी पोळ्या लाटत होते. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, जरा गाल द्या."

मी म्हटले, माझ्या नवऱ्याने हे ऐकले तर तुमचे चाक तुमच्याच डोक्यात घालील. पण ते हसले नाहीत, दारातून हललेही नाहीत. हाताला घट्टे पडलेल्या बाईला गालच पुढे करावा लागणार होता. मी विचारले, मीच कशाला? गल्लीत माझ्याहून मऊ गालाच्या बायका आहेत.

"तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी कळलं."

मी लाटणे खाली ठेवले. गाल दिला. दगड गार होता. मधोमध बारीकसे काही टोचले. "आहे अजून," मी सांगितले. ते चाकाकडे गेले.

असे दोन वर्षे चालले. मी पोळ्या करून हात धुतले की ते दगड घेऊन यायचे. मी म्हणायची, आहे. तो ओरखडा नव्हताच. दगडाच्या आत उतरलेली भेग होती. जेवढे घासाल तेवढी ती पुढे सापडायची. आयुष्यभर फिटरकी केलेल्या माणसाला हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. सुपारीचा चिंचोका झाला. मग चिंचोकाही नखासारखा पातळ झाला, आरपार उजेड दिसायला लागला. आणखी चार दिवस चाकावर धरला असता तर फुटला असता. फुटल्यावर हा माणूस काय करील, याचा मी रात्रंदिवस विचार करायला लागले.

एके दिवशी त्यांनी दगड माझ्या गालाला लावला. भेग लागली. मी म्हटले, "गेला. आता काही नाही."

"वाळू दे," ते म्हणाले. पुन्हा पुसला, फुंकला, पुन्हा लावला. भेग पुन्हा लागली.

"नाही म्हटलं ना. तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळायचंय?"

त्यांनी दगड मुठीत घेतला. मग पडवीत गेले, चाकावर काकूंचे जुने लुगडे घातले आणि गोणपाट काढून टाकले.

दगड त्यांनी चांदीच्या तारेत बसवला आणि काकूंच्या फोटोला घातला. पंखा लावला की तो हलायचा आणि काचेवर वाजायचा. टक्. थांबून पुन्हा टक्. मी पोळ्या लाटायची आणि तो आवाज माझ्या पाठीत शिरायचा. एकदा काकांनी विचारले, "बाई, ती काय म्हणतेय?"

"पंख्याचा वारा आहे," मी म्हटले.

त्यांनी उठून पंखा बंद केला. पुन्हा लावला नाही.

बडोद्याचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. एका सकाळी मी गेले तर काका फोटोसमोरच्या खुर्चीत बसल्याजागी गेलेले, अंगातला सदरा घामाने भिजून पुन्हा वाळलेला. शेजारची गुजराती बाई आत आली आणि आधी वर छताकडे बघून म्हणाली, "आवी गरमीमां पंखो बंद?" मी काही बोलले नाही. तेवढी एकदाच मी गप्प बसले असेन.

मुलगा आला, घर रिकामे केले. मोटर भंगारात गेली, फोटो तो घेऊन गेला. मला म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय हवं ते घ्या." मी दगड मागितला.

तो मी गळ्यात घालत नाही. मेथीदाण्याच्या डब्यात ठेवलाय. दुपारी सून निजली की काढते, पदराला पुसते, फुंकते, गालाला लावते. भेग लागते. मग मी मोठ्याने सांगते, "आहे अजून. इथं." त्या जागेवर बोट ठेवून बसते.

चाक सुरू होत नाही.