शिशाचा थेंब आणि माझी फुंकर

पाटसजवळच्या आमच्या उसाची पानं पिवळी पडायची, म्हणून पीएच.डी.ला मी तोच रोग घेतला. घरातली पहिली पदवीधर मी, दौंडच्या कॉलेजातली. पुण्याच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा पातळ काप ठेवला, तर पडद्यावर नुसतं धुकं. पेशीची भिंत कुठली तेही कळेना.

मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे समजावलं. पेशीतले अणू हलके, इलेक्ट्रॉन त्यांतून आरपार जातात. जड धातू जिथं बसतो तिथं ते अडतात आणि तेवढा भाग गडद दिसतो. मग मी कापाला युरेनियमचं द्रावण लावलं, त्यावर शिशाचं. धुकं गेलं, पण सगळीकडं काळे ठिपके आले. द्रावण नवं केलं, पाणी उकळून घेतलं, तरी ठिपके तसेच. मॅडम म्हणाल्या, अजून एकदा बघू, नाहीतर ऊस सोडून दुसरा विषय घेऊ.

ऊस सोडायची माझी तयारी नव्हती.

त्या शेवटच्या प्रयत्नाला मॅडम शेजारी बसल्या. काप ठेवलेली तांब्याची बारीक जाळी मी चिमट्यानं उचलली, तिच्यावर हलकी फुंकर मारली आणि शिशाच्या थेंबावर ठेवली.

"हे काय केलंस?"

"धूळ उडवली, मॅडम."

आमच्याकडं शेंगदाण्याची फोलं असोत की भाकरीला लागलेली राख, आधी फुंकर. मी दर वेळी फुंकते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अगं, शिशाला श्वास चालत नाही. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याची पूड होते. तेच तुझे ठिपके."

मग झाकणाच्या बशीत थेंबांभोवती कॉस्टिक सोड्याचे दाणे ठेवले, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषायला. तोंडाला मास्क बांधला आणि जाळी ठेवेपर्यंत श्वास रोखून धरला. या वेळी पडद्यावर पेशीच्या भिंती रेखीव आल्या. हरितद्रव्याचे थर मात्र मधेच तुटलेले, विस्कटलेले होते. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. विषय बदलायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी वडिलांना फोन केला.

"घावला का गं रोग?"

"न्हाई आप्पा. पण पान आतून दिसाया लागलं. आता ताडून बघायला एक निरोगी पान पाठवा."

आप्पा हसले. "आपल्या रानात? मग शेजाऱ्याच्यातलं मागावं लागंल."

दुसऱ्या दिवशी एसटीनं पान आलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. मी मास्क बांधला आणि कामाला बसले.