सहा तारा

वाजवून झालं की मास्तर आधी गिटारच्या सहाही तारा सैल करायचे आणि मग थुंकायचे. तोंडात तंबाखूचा तोबरा असायचा. वाजवताना ते बोलत नसत, थुंकत नसत. शेवटची खुंटी फिरवली की खाटेखालचा पत्र्याचा डबा पायाने ओढायचे. तो आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. मी जेवत असले तर घास तोंडातच फिरायचा.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात त्यांची आणि आमची खोली एकाच बॅरेकीत. मी घरी बसून जीन्सच्या पँटींचे धागे कापायची. मास्तर अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नाव गजानन, पण बदलापूरपर्यंतची ऑर्केस्ट्राची माणसं त्यांना सोल मास्तर म्हणायची. मोठमोठे वाजवणारे येऊन त्यांच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावायचे. मला त्या हातांची किळस यायची. नखं पिवळी, बोटांच्या टोकांना घट्टे, आणि नाकही त्याच हाताने शिंकरायचे.

मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेले ती भांडायला. सगळ्यांच्या नळावर थुंकू नका, एवढंच सांगायचं होतं. आत ते वाजवत होते, संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले. मास्तरांनी मान वर केली. "काय गं, आवाजाचा त्रास होतो?" मी मानेनेच नाही म्हटलं. "मग बस. तो खराटा बाहेर ठेव." नळावरची घाण धुवायला घेतलेला खराटा माझ्या हातातच राहिला होता. मी बसून ऐकलं आणि परत आले. पुढे इतकी वर्षं तो नळ मीच धुतला.

सोल म्हणजे काय, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. तरुणपणी कारखान्याच्या क्लबात कोण्या साहेबाने त्यांना परदेशी काळ्या लोकांच्या रेकॉर्डी ऐकवल्या होत्या, त्यातलं ते. मास्तर म्हणाले, "गाणारा श्वास घेतो ना, तेवढ्या जागेत बसतं ते सोल. जास्त वाजवलं की पळून जातं." भराभर बोटं फिरवणारा कुणी आला की ते त्याच्यासमोरच म्हणायचे, "हा वाजवत नाय, खाजवतो." असं सगळ्यात जास्त वेळा त्यांनी राजूला म्हटलं असेल. राजू त्यांचा शिष्य. आता बदलापूरला शिरगावात त्याचा मोठा गिटार क्लास आहे.

स्टेजवर मी त्यांना एकदाच पाहिलं, अंबरनाथच्या एका गणपतीला. गाणारी मुलगी मधेच शब्द विसरली. बाजूला बसलेला राजू ते झाकायला जोरजोरात वाजवू लागला. मास्तरांनी हात लांब करून त्याच्या तारांवर तळवा ठेवला. सगळं गप्प. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर थांबून राहिले. मग त्यांनी एकच तार दाबली आणि हळू ओढली. रुसून बसलेल्या लेकराला कुणी नावाने हाक मारावी तसा सूर आला. मुलीने तोंड वर केलं आणि तिला पुढचे शब्द आठवले. मी पदर तोंडात धरून रडले. येताना मास्तर रिक्षातून बाहेर थुंकले आणि वाऱ्याने थेंब माझ्या पदरावर आले. ती साडी मी गरम पाण्यातून दोनदा काढली.

तीन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तारा दाबायचा हातच गेला. येणारी माणसं बंद झाली. राजू एकदा आला, नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलला, आणि चप्पलही न काढता गेला. खाणंपिणं, अंग पुसणं माझ्याकडे आलं. सेवा केली की किळस जाते म्हणतात. माझी नाही गेली. मी श्वास रोखून पुसायची, बाहेर येऊन श्वास घ्यायची आणि परत आत जायची.

रोज संध्याकाळी ते मला गिटार त्यांच्या मांडीवर ठेवायला लावायचे. मी खुंट्या फिरवायची, ते कान देऊन सांगायचे, अजून, अजून, बस. मग उजव्या हाताने नुसत्या मोकळ्या तारा छेडायचे. झालं की मला परत सैल करायला लावायचे. कंटाळून मी एकदा राहू द्या म्हटलं, तर केवढे चिडले. "ताणून ठेवली की तिची मान वाकते. वाकली की संपलं. मी मेलो की आधी हे कर, माझे डोळे नंतर मिट. करशील?"

मी करते म्हटलं.

मास्तर सरकारी दवाखान्यात वारले. गिटारच्या तारा आदल्या संध्याकाळी ताणलेल्या, त्यांना दवाखान्यात न्यायच्या गडबडीत घरी तशाच राहिल्या होत्या. डोळे मीच मिटले. तारा राहिल्या. तेवढ्यात राजू आला. बॉडी मिळायला आधार कार्ड लागेल, चावी द्या म्हणाला. मला नाही म्हणता येत नाही. मी चावी दिली. सगळं आटपून घरी आले तर खोलीत गिटार नव्हती. डबा होता.

तेराव्यानंतर शिरगावच्या एका हॉलात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. मी रिक्षाने गेले आणि मागे भिंतीला टेकून बसले. बॅनरवर मास्तरांचे दात पांढरे केले होते. स्टेजवर खुर्चीला साटीन गुंडाळून त्यावर गिटार उभी केलेली. नव्या तारा, कडक ताणलेल्या. पोटावर हळदकुंकू. मानेत झेंडूचा हार, आणि हाराचं पाणी लाकडावरून खाली ओघळत होतं. खुंट्यांमध्ये उदबत्ती खोचली होती. त्या डब्याचीही मला कधी इतकी किळस आली नव्हती.

एकेक जण अत्तर लावून येत होता आणि मास्तरांनी आपल्याला किती जवळ केलं ते सांगत होता. राजू माईकवर म्हणाला, "शेवटपर्यंत मी गुरूंच्या पायाशी होतो." टाळ्या पडल्या. मग म्हणाला, आता ह्याच गिटारवर मी वाजवणार, आणि नंतर ती क्लासमध्ये काचेच्या कपाटात राहील, अशीच सजवलेली, कायमची.

कायमची म्हटल्यावर मी उठले. स्टेजवर चढले. राजू हसून म्हणाला, "मावशी, फुलं तिकडे फोटोला." मी उदबत्ती काढून खाली ठेवली. हार काढला. पदराने लाकूड पुसलं.

"अहो मावशी, काय करताय?"

"तारा सैल करायच्यात. राहिल्या होत्या."

राजूने हात पुढे केला, पण समोर माणसं होती, मोबाईल वर धरलेले होते. तो हसतच राहिला. गिटारला वायर जोडलेली होती. मी खुंटी फिरवायची आणि तो उतरत जाणारा आवाज मोठ्या स्पीकरमधून सगळ्या हॉलात जायचा. सहा वेळा.

मी खाली आले, कुणाकडे न बघता बाहेर पडले. हॉलच्या पायरीशी थांबले आणि थुंकले.