उजव्या हातावरची वीट

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नगरपालिकेत कारकुनी करणारे माझे वडील हसत म्हणायचे, "हिला मास्तरीण करू नका, पोरं मरतील." मी मास्तरीण झाले. पोरं मेली नाहीत, एवढंच.

ज्या उन्हाळ्यात भिवंडी जळाली, त्याच वर्षी जूनमध्ये माझी नेमणूक वडप्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका कातकरी वाडीवर झाली. एक खोली, चार इयत्ता आणि मी एकटी. शहरातली धग अजून माझ्या अंगातून गेली नव्हती. आमच्या शेजारच्या कोकणी मुसलमान कुटुंबाची यंत्रमागांची, लूमची शेड जळून कोळसा झाली होती आणि पलीकडच्या गल्लीतली आमच्या लोकांची दोन घरंही. कोपऱ्यावर टोळकी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून दरडावत होती, "कोण रे तू? बोल!" बोलताना जीभ अडखळली की डोक्यात सळई. खिडकीच्या फटीतून मी एका माणसाला तसं पडताना पाहिलं. तो कुठल्या बाजूचा होता हे मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी माझ्या मनाने एकच पक्कं धरलं, की ज्याला चार लोकांसारखं बोलता येत नाही तो मार खातो. वाडीवर जाताना ही अक्कल मी बरोबर घेऊन गेले.

मुलं आपसात कातकरी बोलत. मला त्यातलं अवाक्षर कळत नसे. मागच्या रांगेतून कोणी काही पुटपुटायचं, वर्ग खिदळायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटायचं, मलाच शिव्या देतायत. कधी देतही असतील, आणि ते बरोबरच होतं.

मग मी नियम काढला. शाळेच्या दाराला अडण म्हणून एक वीट लावलेली असे, अर्धवट भाजलेली, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. शाळेच्या वेळात जो कातकरी बोलेल त्याने उजवा हात सरळ पुढे करायचा आणि तळहातावर ती वीट धरायची. दुसरा कोणी कातकरी बोलताना सापडला तर त्याचं नाव सांगायचं, की वीट त्याच्या हातावर. शाळा सुटायची घंटा होताना ज्याच्या हातावर वीट असेल त्याला निरगुडीच्या शिमटीचे दहा फटके. या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत भट्टीवर विटाच थापत होते, विटाच वाहत होते, आणि ही पोरंही त्यांच्याबरोबर. मी पाटी घेऊ शकले असते, एखादा दगड घेऊ शकले असते. वीट घेतली, कारण ती पायाशी होती.

आठवड्याभरात वर्ग सुतासारखा सरळ झाला, असं मला वाटलं. खरं तर पोरं एकमेकांवर पाळत ठेवायला लागली होती. मधल्या सुट्टीत भाऊ भावाला चिमटे काढून कातकरीत ओरडायला लावी आणि लगेच माझ्याकडे धावत येई. एकदा एका पोराने आपलं नाव सांगणाऱ्याच्या डोक्यात तीच वीट घातली. रक्त पाटीवर सांडलं. मी जखमेवर हळद दाबली, मारणाऱ्याला शिमटी मोडेपर्यंत झोडपलं, आणि दुसऱ्या दिवशी नियम तोच ठेवला.

एक मुलगी मात्र कोणाचंही नाव सांगत नव्हती. आठ-नऊ वर्षांची असेल. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईची नात. म्हातारीकडे गोष्टींचा साठा होता आणि ही पोर दिवसभर तिला चिकटलेली असे. म्हातारीच्या साऱ्या गोष्टी हिला तोंडपाठ आहेत, असं वाडी सांगायची. वर्गातही ती शेजारणीला हळू आवाजात काहीतरी सांगत असायची. वीट एकदा तिच्याकडे आली की घंटेपर्यंत तिथेच. रोज. आणि मारताना ती रडत नसे. मुलाने रडायला हवं, म्हणजे मारणाऱ्याला थांबता येतं. ही नुसती बघायची, आणि माझा हात जास्तच चढायचा.

भाद्रपदातल्या एका दुपारी तिच्या हातावरची वीट घसरली आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. डोकं यायच्या आत हात उठला. हातात शिमटी नव्हती, लाकडी रूळ होता. पुढे केलेल्या उजव्या हातावर मी तो सगळ्या जोराने मारला. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वर्गातल्या सगळ्यांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेला कोयता. मी एक पाऊल मागे सरले. ती कोयत्याला हात न लावता बोलत राहिली, कातकरीत, बराच वेळ. मी म्हटलं, "मराठीत बोला." ती थांबली आणि जे बोलली होती तेच पुन्हा बोलली, या वेळी मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. पोरं खाली मान घालून बसली होती. त्यांना सगळं कळत होतं, पण त्यांच्यातलं कोणी मला काही सांगेल अशी वागले कुठे होते मी? म्हातारीने नातीचा हात धरला आणि निघून गेली.

तिने मला शाप दिला, असंच मी धरून चालले. पुढे माझं लग्न मोडलं तेव्हा मला दारातली म्हातारी आठवली. आई गेली तेव्हाही तीच.

महिन्याभराने मुलगी परत आली. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी झाली होती. त्यानंतर तिच्या तोंडून कातकरीचा एक शब्द निघाला नाही. स्वच्छ मराठी बोलायची, 'न्हाय' नाही, 'नाही'. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी तिलाच उभं केलं. साहेब खूश झाले, मीही झाले. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

चौथी झाल्यावर ती कायमची भट्टीवर गेली आणि माझी बदली शहरात झाली. दहाएक वर्षं गेली. भिवंडीजवळ पूर्ण्याला गोडाऊनं उभी राहिली, वाडीवरची तरणी पोरं तिथे माल चढवायला-उतरवायला जाऊ लागली. त्यांतला एक जण एका दुपारी माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, वळखलं का?" त्याने केस बाजूला करून डोक्यावरची खूण दाखवली. विटेची.

मला दार लावून घ्यावंसं वाटलं. तो मात्र आरामात चहा प्यायला बसला. म्हणाला, "वाडीवर आमी बसतो दर आईतवारी. बारक्या पोरान्ला आपली बोली येत न्हाय, बाई. आईबापच बोलत न्हाय तर पोरान्ला कुठून येल? म्हातारी हाय तवर शिकून घ्यायची. पन लिवनारं कोन न्हाय. तुमचं अक्षर चांगलं."

"मीच सापडले का रे तुला?" मी म्हटलं.

"आमाला लिवायला तुमीच शिकिवलंत ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

मग त्याने खरी अडचण सांगितली. म्हातारीचं डोकं आता चालत नव्हतं. गोष्ट सुरू करायची आणि मध्येच विसरायची. त्या पुऱ्या गोष्टी आता एकाच डोक्यात होत्या, तिच्या नातीच्या. "आन् ती तोंड उघडत न्हाय. सोताच्या पोरीलापन बोलू देत न्हाय. म्हातारी गेली आन् ही अशीच ऱ्हायली, तर संपलं सगळं."

मी गेले. आंब्याला बांधलेली गोडाऊनची फाटकी ताडपत्री, खाली वीस-पंचवीस माणसं, मधोमध म्हातारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बैठकीचा नियम त्यांचा होता, आणि तो माझ्या नियमापेक्षा शहाणा होता. रिकाम्या हाताने बसायचं नाही. रानातलं, ओढ्यातलं, घरातलं, काहीतरी घेऊन यायचं. म्हातारी ते हातात घेऊन चाचपायची, त्याचं नाव सांगायची, ते कसं धरायचं, कसं खायचं, कशाने मरतं ते सांगायची. आणलेल्याने ते सगळ्यांपुढे परत म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी शिकवून यायचं. एका पोराने चिंबोरी आणली होती. तिने म्हातारीचं बोट असं धरलं की रक्त आलं. म्हातारीने नांगी मोडून टाकली आणि तेवढ्यात नांगीचंही नाव सांगून घेतलं.

माझ्या हातात फक्त वही. "बाई, हे चालत न्हाय," माझा विद्यार्थी म्हणाला, आणि मी ताडपत्रीच्या बाहेर पावसात बसले. माझी चांगलीच जिरली. पुढच्या रविवारी मी लूमवर इकडून तिकडे धावणारा धोटा नेला. म्हातारीने त्याची लोखंडी टोकं चाचपली आणि म्हणाली, हे जनावर आमच्या रानातलं नाही. सगळे हसले, पण मला आत जागा मिळाली. मग रविवारामागून रविवार मी लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता मला कळायला लागलं. ज्या आवाजांवर मी शिमट्या मोडल्या होत्या त्यांत शेवळ्यांसारख्या रानभाज्या होत्या, माशांच्या जाती होत्या, पावसाची नावं होती. मला शिव्या मात्र अजून कोणी शिकवल्या नव्हत्या.

श्रावण संपता संपता ती आली. माझी विद्यार्थिनी. तिची पाच वर्षांची मुलगी चोरून बैठकीला येऊन बसली होती आणि हातातलं करटोलं उंच धरून त्याचं कातकरी नाव घेत होती. आईने मागून येऊन तिच्या थोबाडीत मारली. पोर चिखलात आडवी झाली. "मराठीत बोल!" आई ओरडली, आणि तो माझा आवाज होता. माझीच पट्टी, माझंच वाक्य. तिने दुसऱ्यांदा हात उचलला. मी उठून तिचं मनगट पकडलं. वाकडी करंगळी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिने मला ओळखलं, हात हिसडून सोडवला आणि मूठ आवळून माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला. कोणी मध्ये पडलं नाही. ती पोरीला दंडाला धरून फरफटत घेऊन गेली.

पुढच्या रविवारी बैठकीला जायच्या आधी मी शाळेकडे वळले. वीट तिथेच होती, दाराच्या फटीत अडकवलेली, टवका उडालेल्या कोपऱ्यासकट. ती घेऊन मी म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारी चाचपत म्हणाली, ही तर वीट. मी मोडक्यातोडक्या कातकरीत म्हटलं, "शाळेची. तुझ्या नातीच्या हातावरची." आपल्या झोपडीच्या दारात नात मुलीला पुढ्यात घेऊन उभी होती. तिथवर सगळं ऐकू जात होतं.

म्हातारी विटेवरून हात फिरवत राहिली आणि मग बोलायला लागली. या वेळी ती मध्येच विसरली नाही. मी मराठीत सांगते, कारण कातकरी लिहिण्याचा माझा हात अजून कच्चा आहे. ती म्हणाली, "मी शाळेत गेले होते. बाईला म्हटलं, मारायचं तर मार. पोर शिकायला घातली म्हणजे मार आलाच. पण डाव्या हातावर मार. उजव्या हाताने तिला विटा थापायच्या असतात. बोट वाकडं झालं तर वीट वाकडी होते, आणि वीट वाकडी झाली की मुकादम मारतो. एवढ्याशा पोरीने दोन-दोन ठिकाणी मार कसा खायचा? बाईला कळेना. मी परत सांगितलं. तरी कळेना. दिवाळीनंतर भट्टीवर गेलो, आणि मुकादमाने मारलंच."

शाप नव्हता. दहा वर्षं मी ज्याला घाबरत आले तो शाप नव्हता. नात वाचावी म्हणून म्हातारीने माझ्याशी केलेली घासाघीस होती ती, आणि मी म्हटलं होतं, मराठीत बोला. मला रडू फुटलं. लाज वाटली, आणि पहिल्यांदाच कुणाला मारावंसं वाटलं नाही.

झोपडीच्या दारातून ती चालत आली. म्हातारीच्या मांडीवरची वीट उचलली. आता ही माझ्या डोक्यात बसणार असं मला वाटलं आणि मी डोळे मिटले. तिने माझा उजवा हात धरला, सरळ केला आणि तळहातावर वीट ठेवली.

"घंटा होईपर्यंत धर," ती म्हणाली. कातकरीत. मला अक्षर न् अक्षर कळलं.

मग ती खाली बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हातारीने अर्धवट सोडलेली एक गोष्ट पुढे सांगायला लागली. वही माझ्या पायाशी उघडी पडली होती. माझ्या विद्यार्थ्याने ती उचलली आणि मी शिकवलेल्या अक्षरात तो लिहायला लागला. थोड्या वेळाने माझ्या हाताला रग लागली. वीट डाव्या हातात घेऊ का, असं तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. रविवारी शाळेची घंटा होत नसे.