भाऊच्या दाढेखालची सरकी

भाऊ गेल्याचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला, तेव्हा मी मुलींना सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरच्या थरातले जंतू दाखवत होते. "दिग्रसहून फोन आहे, मॅडम..." भाऊ झोपेतच गेला होता. महिना झाला, पण मी अजून त्या काचेवरच अडकून आहे. निळसर रंगात हलणारे ते इवले जीव, आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी कापसाचे पांढरे ढीग...

माझा हा थोरला भाऊ दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, माल पारखणारा ग्रेडर होता. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, त्यातली एक सरकी दाढेखाली धरायचा. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला, भाऊच्या बोलीत 'वायला'; नुसती दबली तर ओला. कापसाचे दर पडलेल्या त्या वर्षांत व्यापारी सुका मालही ओला ठरवायला टपलेले. "भाऊनं चावली का?" एवढंच शेतकरी विचारायचे. रुईचे कण उन्हात तरंगत असायचे आणि मधोमध डोळे मिटून, कान देऊन उभा असलेला भाऊ.

गालात मात्र दिवसभर तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा. मी पडले शहाणी! "अरे, निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येत नाही. आत जंतूंचं फावतं, त्यांचा थर घट्ट बसतो, दाताभोवतीचं हाड झिजतं." तो हसायचा. "सुमे, तुह्या जंतूईले खर्रा आवडते म्हन की!" शेवटी एका भाऊबीजेला मी ओवाळणी म्हणून खर्राच मागून घेतला. बिचाऱ्यानं सोडलासुद्धा.

काही आठवड्यांनी एसटीनं माझ्याकडे यवतमाळला आला तो तोंडाला रुमाल लावूनच. रुमालावर रक्त. "खात होतो तवा थेंब नाई, सोडला अन् हे! तुह्या विज्ञानानंच माह्यं रगत काढलं." खर्ऱ्यानं झाकलेलं दुखणं आता कुठे उघडं पडलं होतं. सोडल्यावर असं होतं, हे मला ठाऊक होतं... सांगायचं राहिलं. जिंकल्याच्या तोऱ्यात राहिलं. मग कितीही समजावलं तरी काय उपयोग? स्टँडवरच्या टपरीवर खर्रा घोटून घेऊनच तो दिग्रसच्या गाडीत चढला. रक्त थांबलं, आणि त्याला वाटलं, बरं झालं. वेळेवर सांगितलं नाही म्हणून मला आजही स्वतःची चीड येते.

दाढा हलल्या, एकेक करून पडल्या. जिनिंगमध्ये त्याला कोणी विचारेना. गेल्या हंगामात मी गेले, तर हा अंगणात बसलेला. खिशातून सरकी काढून माझ्यापुढे धरली. "तू चाव. मी आयकतो."

"मले नाई कळत त्यातलं, भाऊ," म्हणत मी हात मागे घेतला.

परवा वहिनीनं त्याचा खुंटीवरचा शर्ट माझ्याकडे दिला. खिशात ती सरकी होती, रुईचा एक तंतू अजून चिकटलेला. मी ती दाढेखाली धरली, डोळे मिटले.

कट्ट.

"वायली हाये, भाऊ," मी मोठ्यानं सांगितलं.